ऐन गड्ड्याच्या दिवशी तोटी बंद: शेअर्ड होस्टिंग विकणाऱ्या कंपन्यांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
शेअर्ड होस्टिंगचे प्लॅन विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक, तांत्रिक प्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: गर्दीच्या दिवशी अकाउंट सस्पेंड करणे बंद करावे आणि प्लॅनच्या खऱ्या मर्यादा विक्रीच्या पानावरच छापाव्यात.

स.न.वि.वि.

संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा. मिरवणुकीचा मार्ग कुठून, कुठला रस्ता बंद, शोभेचं दारूकाम किती वाजता, हे शोधणारा माणूस मोबाइलवरून इथल्याच एखाद्या लहानशा बातम्यांच्या साइटवर येतो. पावसाळ्यात उजनीतून भीमेत किती क्युसेक सोडलं हे पाहायला नदीकाठची गावं येतात. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या साइटवर झुंबड, दिवाळीआधी चादर, टॉवेल आणि शेंगा चटणी विकणाऱ्यांकडे, थंडीत कांद्याचा भाव आणि हुरडा पार्टीचं बुकिंग. एरवी वर्षभर या साइटवर तुरळक वर्दळ असते. त्या मोजक्या दिवसांसाठीच त्यांच्या मालकांनी तुम्हाला पैसे भरलेले असतात, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही साइट बंद करता.

आम्ही या शहरात आणि जिल्ह्यात अशा साइट बांधतो, सांभाळतो. मालकाचा पहिला फोन आम्हाला येतो, म्हणून हे पत्र. ते उघडं अशासाठी की तुमच्या तिकीट-व्यवस्थेत, म्हणजे तक्रारींच्या खिडकीत, लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि होस्टिंग घ्यायला निघालेल्या पुढच्या माणसाला हे आधी कळायला हवं.

सुरुवातीलाच एक कबूल करतो. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो ग्राहकांची अकाउंट, आणि तिथे मर्यादा हवीच. एकाच्या गर्दीने बाकीच्यांचं मरण होऊ नये म्हणून तुम्ही प्रत्येक अकाउंटचा वाटा बांधून देणारी क्लाउडलिनक्ससारखी व्यवस्था बसवता, ते योग्यच आहे. तक्रार मर्यादेबद्दल नाही. ती लपवण्याबद्दल आहे, आणि ती ओलांडल्यावर तुम्ही जे करता त्याबद्दल.

वर्षानुवर्षं काही दिवसांआडच्या पाण्यावर काढलेल्या या गावाला टाकी आणि तोटी यांतला फरक शिकवावा लागत नाही. टाकी कितीही मोठी बांधा, तोटी अर्ध्या इंचाची असेल तर घागर भरायला तेवढाच वेळ लागतो. तुमच्या जाहिरातीत असते ती टाकी: अनलिमिटेड डिस्क, अनलिमिटेड बँडविड्थ. पण गर्दीच्या दिवशी बँडविड्थ क्वचितच संपते. पान २ एमबीचं धरलं आणि दिवसात ५,००० माणसं आली, तरी १० जीबी होतात. साइट पडते ती तोटीपाशी, आणि तोटीचं माप जाहिरातीत नसतं.

हे माप म्हणजे काय ते वाचकांसाठी सांगतो; तुम्हाला ते पाठच आहे. क्लाउडलिनक्सच्या मूळ मांडणीत एका अकाउंटला सीपीयूचा १०० टक्के वेग, म्हणजे एक कोअर. १ जीबी मेमरी. सेकंदाला १ एमबी डिस्कची वाचालिही. २० एंट्री प्रोसेस आणि एकूण १०० प्रोसेस. कंपनी हे आकडे प्लॅनप्रमाणे वरखाली करते. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या यंत्रणेच्या, दारातून आत असलेल्या विनंत्या. वीस आत असताना एकविसावा आला की त्याला ५०८ क्रमांकाची चूक दिसते: ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. मेमरी संपली तर ५०० किंवा ५०३. सीपीयू किंवा डिस्कची मर्यादा गाठली तर कुठलीच चूक दिसत नाही, साइट नुसती रांगते. मालकाला वाटतं आपलं नेट स्लो आहे.

आता गणित. वर्डप्रेस (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावरचं दुकानाचं प्लगिन) यांवरच्या दुकानाचं एक पान कॅशशिवाय, म्हणजे आधी तयार करून ठेवलेली प्रत नसताना, तयार व्हायला ०.४ सेकंद सीपीयू घेतं असं धरू. म्हणजे एका कोअरवर सेकंदाला अडीच पानं. दुकानदाराने दिवाळीच्या ऑफरची लिंक वीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ माणसं, म्हणजे सगळे ग्रुप भरलेले असले तर वीस हजारांच्या घरात. त्यांतल्या दहातल्या एकानेच पहिल्या दहा मिनिटांत लिंक उघडली, तरी २,००० भेटी, सेकंदाला सव्वातीन. त्यात बऱ्याच थीम कार्टचा आकडा ताजा ठेवायला प्रत्येक भेटीमागे आणखी एक विनंती पाठवतात, जी कॅश होत नाही. झाल्या साडेसहा. अडीच निपटतात, चार तुंबतात, आणि वीसची मर्यादा पाच सेकंदांत भरते. कंटाळून माणूस रिफ्रेश करतो. त्याची पहिली विनंती मात्र सर्व्हरवर बहुतेक वेळा चालूच राहते, कारण पान पाठवायची वेळ येईपर्यंत समोरचा उठून गेल्याचं पीएचपीला कळतच नाही. पंगत उठून गेली तरी आत जिलेब्या तळणं चालूच.

आणि ती वीसची मर्यादासुद्धा बऱ्याचदा कागदावरची असते. वजनदार प्लगिन लावलेल्या साइटची एक पीएचपी प्रोसेस ८० एमबी सहज खाते. १ जीबीत अशा बाराच मावतात. एंट्री प्रोसेस वीसवरून चाळीस केल्याचं सांगून तुम्ही वरचा प्लॅन विकता, पण मेमरी तीच ठेवलीत तर तेराव्या पाहुण्याला पाट नाहीच.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार सस्पेंड करण्याची. गर्दी वाढली की मर्यादा आपोआप लागू होते, शेजारच्या अकाउंटला धक्का लागत नाही. ही व्यवस्था असताना वर ‘अतिवापर’ म्हणून अख्खं अकाउंट बंद करण्याचं कारण काय? साइट उघडणाऱ्याला तुम्ही दुसऱ्या पत्त्यावर ढकलता आणि तिथे लिहिलेलं असतं: ‘धिस अकाउंट हॅज बीन सस्पेंडेड’. चादर मागवायला आलेल्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला यातून एवढंच कळतं की दुकान बंद पडलं, नाहीतर दुकानदार लबाड आहे. आगाऊ पैसे भरलेलं गिऱ्हाईक तर थेट पोलिसांची भाषा बोलतं. त्याच अकाउंटवरचे मेलबॉक्सही उघडत नाहीत, म्हणजे दुकानदाराला ऑर्डर आली की नाही तेही कळत नाही. एका अकाउंटवर पाच साइट असतील तर एकीच्या गर्दीपायी पाचही जातात. (एकाच अकाउंटवर दहा गिऱ्हाईकं कोंबणारे आमच्याच धंद्यात आहेत, ते आम्ही जाणून आहोत. त्यांच्याशी आमचं वेगळं भांडण आहे.)

यावर तुमच्या हातात साधा उपाय आहे. ५०३ ही चूक आणि सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हा हेडर पाठवा. त्याचा अर्थ ‘आत्ता गर्दी आहे, थोड्या वेळाने या’. गूगलचा रोबोटही तो समजतो आणि काही काळ हळू येतो. पानावर दोन ओळी मराठीत, हिंदीत असल्या तर माणसालाही समजेल.

दुसरी तक्रार: सस्पेंड केल्यावर तुम्ही सीपॅनेलही, म्हणजे ग्राहकाने अकाउंट सांभाळायचं पानही, बंद करता. म्हणजे गर्दी माणसांची होती, शोध-रोबोटची होती की कुणी पासवर्ड फोडत बसलं होतं, हे पाहायचा लॉग, म्हणजे भेटींची नोंदवहीच, आमच्या हाती लागत नाही. या तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. माणसं असतील तर कॅश. रोबोट असतील तर त्यांची नावं लॉगमध्ये दिसतात. अहरेफ्सबॉट, सेमरशबॉट, जीपीटीबॉट, बाइटस्पायडर, यांतले नको ते अडवता येतात. लॉगिनच्या पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसीच्या (वर्डप्रेसमध्ये बाहेरून शिरण्याच्या) फाइलवर मारा होत असेल तर ती फाइल एचटीअ‍ॅक्सेसमधून, म्हणजे सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधून, बंद करणं हे पाच मिनिटांचं काम. निदानच करू द्यायचं नाही आणि औषध एकच सांगायचं, ‘व्हीपीएस (स्वतःपुरता वेगळा सर्व्हर) घ्या’, याला आम्ही सल्ला म्हणत नाही. आणि लॉग नाहीत असंही म्हणता येणार नाही: केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवा देणाऱ्यांनी ते १८० दिवस जपायचे आहेत.

तिसरी: सीपॅनेलमधलं ‘रिसोर्स युसेज’ हे पान तुमच्यातल्या काहींनी ग्राहकापासून लपवून ठेवलं आहे. कोणती मर्यादा किती वाजता, किती वेळा गाठली, हे त्या एका पानावर दिसतं. गाडीचा काटा झाकून ठेवायचा आणि वेग जास्त होता म्हणून दंड लावायचा, तसला हा प्रकार.

चौथी, डिस्कच्या वेगाची. सेकंदाला १ एमबी. २ जीबीच्या साइटचा बॅकअप घ्यायचा तर नुसतं वाचायलाच ३४ मिनिटं लागतात. तेवढा वेळ साइट गुडघ्यावर चालते. कित्येक बॅकअप प्लगिन वाटेल त्या वेळेला सुरू होतात, हा दोष त्यांचा. पण साधा पेन ड्राइव्हही याहून जलद असताना ‘एसएसडीचा झंझावाती वेग’ असं छापणं हा दोष तुमचा.

पाचवी भावाची आहे. ती थोडक्यात, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे. पहिल्या खेपेला महिन्याचा स्वस्त भाव मोठ्या अक्षरात. तो मिळवायला तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरायचे. १८ टक्के जीएसटी शेवटच्या पानावर. आणि नूतनीकरणाचा कितीतरी चढा दर बारीक टायपात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ज्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ना, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांना, मनाई केली, त्यांत शेवटी शेवटी किंमत उलगडत नेण्याचा प्रकार नावानिशी आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर आणखी दोन गोष्टी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी धरली आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. म्हणजे ‘अमर्याद’ हे मराठीत आणि ‘योग्य वापर धोरण’ इंग्रजीत सोळाव्या पानावर, हे चालत नाही. आता तुमचा वकील म्हणेल, धंद्यासाठी सेवा घेणारा हा ग्राहकच नव्हे. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा कायद्याने त्या अपवादातून बाहेर काढली आहे. घरात चटणी कुटून साइटवर विकणारी बाई याच व्याख्येत बसते.

आमच्या बाजूने जे करायचं ते आम्ही करतो, आणि जे करत नाहीत त्यांनी करावं म्हणून इथेच लिहून ठेवतो.

पानांची कॅश सर्वांत आधी. सर्व्हरचं सॉफ्टवेअर लाइटस्पीड असेल तर त्याचंच कॅश प्लगिन. तयार पान पीएचपीला न जागवता बाहेर पडतं, त्यामुळे एंट्री प्रोसेस खर्चच होत नाही. अपाची असेल तर एचटीअ‍ॅक्सेसच्या नियमांनी थेट फाइल देणारी कॅश निवडायची. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेपटाला ‘एफबीसीएलआयडी’ची लांबलचक माळ असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. कॅशला ती वगळायला सांगितलं नाही तर प्रत्येक पाहुण्यासाठी पान नव्याने शिजतं. कॅश ‘चालू’ असूनही गर्दीत साइट पडते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

वर्डप्रेसची अंतर्गत कामं पाहुण्यांच्या भेटीवर चालतात. कॉन्फिग फाइलमध्ये ती बंद करून सीपॅनेलच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर, दर पंधरा मिनिटांनी लावायची. बॅकअप पहाटे तीनला. फोटो १,६०० पिक्सेलच्या आत, वेबपी या हलक्या प्रकारात. पीएचपी ८ च्या पुढचं आणि त्याची स्वतःची कॅश, ऑपकॅश, चालू. साइटच्या पुढे उभं राहून पानं-फोटो वाटणाऱ्या क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन समोर ठेवला तरी तो एचटीएमएल पानं आपोआप साठवत नाही. तसा नियम वेगळा लिहावा लागतो आणि त्यातून कार्ट, चेकआउट, ‘माझं खातं’ आणि लॉगिन केलेल्यांची कुकी वगळावी लागते. ही वगळणी विसरलं तर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसते. ते साइट पडण्यापेक्षा वाईट.

यात्रेचं वेळापत्रक, विसर्गाचे आकडे, निकालाची लिंक असल्या मजकुराला वर्डप्रेस लागतच नाही. एक साधं एचटीएमएल पान, ३०-४० केबीचं, फोटो एकच. असं पान पीएचपीच्या दारातून जातच नाही, म्हणून स्वस्तातला प्लॅनही ते हसत पेलतो. मोठा दिवस ठरलेला असेल तर आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता जगाने किती वेळ लक्षात ठेवायचा ते माप) ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, म्हणजे वेळ आलीच तर तासाभराच्या आत दुसऱ्या सर्व्हरवर पळता येतं. गर्दीची चाचणी घ्यायची तर आधी कंपनीला कळवून, रात्री. अपाची बेंच या चाचणीच्या साधनाने एका वेळी दहा अशा दोनशे विनंत्या पुरेत. न कळवता हजार सोडल्या तर तो हल्ला समजला जाईल, आणि तसा समजणं बरोबरच आहे.

एवढं करूनही जिथे प्रत्येक पाहुणा लॉगिन करतो, पैसे भरतो, जागा राखतो, तिथे शेअर्ड होस्टिंग पुरत नाही. ते आम्ही मालकांना तोंडावर सांगतो. तुम्हीही विकताना सांगा.

आमच्या मागण्या अशा:

१. विक्रीच्या पानावर, भावाच्या शेजारी, प्रत्येक प्लॅनचे हे आकडे छापा: सीपीयू, मेमरी, एंट्री प्रोसेस, एकूण प्रोसेस, डिस्कचा वेग, फाइलांची संख्या, डेटाबेसची एका वेळची कनेक्शन आणि तासाला मेल किती. सर्व्हर मुंबईत की अमेरिकेत, तेही. आणि ‘अनलिमिटेड’ हा शब्द काढा.

२. केवळ गर्दीपायी अकाउंट सस्पेंड करू नका. मर्यादा लावा, ५०३ द्या, साधी पानं आणि मेल चालू ठेवा. साइट हॅक झाली असेल, ती स्पॅम पाठवत असेल, तर बंद करणं समजू शकतो. तेव्हाही कारण, वेळ आणि फाइलचं नाव लेखी द्या.

३. मर्यादेच्या ८० टक्क्यांवर पोहोचताच मेल आणि एसएमएस. ‘रिसोर्स युसेज’ सर्वांना खुलं. कारवाई झाली तरी लॉग आणि बॅकअप उतरवून घेण्याची वाट उघडी.

४. जत्रेपुरता मांडव द्या. एक दिवस, तीन दिवस, आठवडा अशा मुदतीसाठी दुप्पट-चौपट मर्यादा, ठरलेल्या दरात, एका बटणावर. क्लाउडलिनक्समध्ये एका अकाउंटची मर्यादा बदलायला तुमच्या माणसाला मिनिटभर लागतं आणि साइट हलवावी लागत नाही. आम्ही याचे पैसे द्यायला तयार आहोत. हे विकायचं सोडून तुम्ही ऐन गर्दीत व्हीपीएस विकता, जो लावायला, साइट हलवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तोवर गड्डा उठलेला असतो.

५. नूतनीकरणाचा भाव जीएसटीसकट पहिल्याच पानावर.

६. सस्पेंड झालेल्या साइटच्या तिकिटाला माणसाचं उत्तर एका तासात. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. हे पत्र ज्या कंपन्यांशी आमचा व्यवहार आहे त्यांच्या त्या-त्या अधिकाऱ्यांना मेलने वेगळं जात आहे. महिना उलटला आणि दुसऱ्या मागणीवर लेखी उत्तर नसेल, तर प्रत्येक मालक आपली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवेल, आणि आम्ही आमच्याकडच्या साइट पुढच्या संक्रांतीआधी आकडे छापणाऱ्या कंपनीकडे हलवायला घेऊ.

कळावे,

आपले,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात वेबसाइट बांधणारे व सांभाळणारे